आयरिश सैनिकाचे रेकॉर्ड पुण्यात बसून कसे शोधायचे

पुण्यात हा प्रश्न पडणारे लोक वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. कोणाला जुन्या बाजारात एखादं ब्रिटिश मेडल मिळतं, कोणी खडकीच्या वॉर सिमेट्रीत फिरताना आयरिश आडनाव वाचून थबकतं, आणि कॅम्प, घोरपडी, खडकी भागात अशी घरं आहेत जिथं "आमचे खापरपणजोबा आयरिश होते, पलटणीत होते" एवढं एकच वाक्य चार पिढ्या चालत आलंय. मग घरातलं कोणीतरी एका रात्री गूगलवर नाव टाकतं, समोर ढिगानं पॅट्रिक केली आणि जॉन मर्फी येतात, आणि शोध तिथंच संपतो. तर सोडू नका, हे काम होतं, बरंचसं घरी बसून आणि फुकट होतं, फक्त सुरुवात नावापासून करायची नाही.

सुरुवात करायची नंबर आणि रेजिमेंटपासून. आयर्लंडमध्ये तीच तीच नावं आणि तीच तीच आडनावं हजारोंनी आहेत, आणि स्पेलिंग तर भरती करणाऱ्या सार्जंटच्या कानावर अवलंबून, पोराला स्वतःला लिहिता येत नसेल तर त्यानं सांगितलं आणि ह्यानं ऐकू आलं तसं उतरवलं, आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यावर एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे सापडतं तसंच. ओ'रायली कधी नुसता रायली होतो, ओ'ब्रायन नुसता ब्रायन, मॅक कधी लागतो कधी गायब. वयावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, पहिल्या महायुद्धात परदेशी लढाईवर जायला १९ वर्षं पूर्ण लागायची म्हणून सोळा-सतरा वर्षांची पोरं बिनधास्त १९ सांगायची. काहींनी तर नावच दुसरं दिलंय, घरून पळून आले म्हणून किंवा आधी एका पलटणीतून पळाले म्हणून.

नंबरचंही एक समजून घ्या. १९२० पर्यंत प्रत्येक रेजिमेंट आपापले नंबर द्यायची, म्हणजे एकच नंबर डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये एकाचा आणि कॉनॉट रेंजर्समध्ये दुसऱ्याचा असू शकतो, आणि माणूस एका रेजिमेंटमधून दुसरीत गेला की नवीन नंबर. म्हणून नंबर आणि रेजिमेंट ही जोडीच पाहिजे, एकट्या नंबरचा काही उपयोग नाही. १९२० नंतर मात्र सगळ्या आर्मीला एकच सिरीज आली आणि तो नंबर बदली झाली तरी माणसाबरोबर राहिला.

आता ही जोडी मिळते कुठून. मेडल असेल तर सोपं आहे, कडेवर बघा, गोल मेडलच्या जाडीवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंटचं शॉर्ट नाव कोरलेलं किंवा ठसा मारलेलं असतं, पहिल्या महायुद्धाच्या स्टारवर ते मागच्या बाजूला असतं. पॉलिश अजिबात करू नका, घासघासून अक्षरं जातात, टॉर्च तिरका धरून मोबाईलनं फोटो काढा आणि झूम करून वाचा. आणि एक बारकावा जो पुण्यात फार कामाचा आहे: पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी रिबनचं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल ही जोडी बहुतेक वेळा बरोबर दिली जायची, पण जो सैनिक युद्धभर हिंदुस्थानातल्या छावणीतच होता त्याला फक्त चांदीचं मिळालं, कारण नॉर्थ-वेस्ट फ्रंटियर सोडलं तर हिंदुस्थान युद्धभूमी धरली जात नव्हती. म्हणजे मेडल इंडेक्स कार्डावर (कोणाला कुठली मेडलं दिली त्याची नोंद असलेलं सरकारी कार्ड) एकटं वॉर मेडल दिसलं तर दुसरं हरवलं असं धरून बसू नका, माणूस कदाचित इथंच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या ब्रिटिश मेडलांवर नावच घातलेलं नाही, तेव्हा तसलं कोरं मेडल जुन्या बाजारातून आणलं असेल तर त्यावरून माणूस शोधता येणार नाही, त्या नादाला लागू नका.

मेडल नसेल तर घरातले कागद. मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, जुन्या बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी, फोटोच्या मागे फोटोग्राफरचा शिक्का. फोटोत युनिफॉर्म असेल तर टोपीवरचा बॅज आणि बटणं मोठी करून बघा. घरातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारताना थेट "रेजिमेंट कुठली" असं विचारू नका, त्यांना ते माहीत नसतं, त्यापेक्षा "कुठल्या बराकीत राहायचे, कुठल्या चर्चमध्ये जायचे, मुलं कुठल्या शाळेत होती" असं विचारा, त्यातून काळ आणि जागा कळते आणि अर्धं काम तिथंच होतं.

पुढे जायच्या आधी दोन आगींबद्दल माहीत पाहिजे, नाहीतर रेकॉर्ड मिळालं नाही की आपलंच चुकलं असं वाटत राहतं. पहिली आग १९२२ ची, डब्लिनमध्ये, आयरिश सिव्हिल वॉरच्या सुरुवातीला फोर कोर्ट्सच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उद्ध्वस्त झालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा जवळजवळ सगळा भाग, जुनी मृत्युपत्रं आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडची निम्म्याहून जास्त रजिस्टरं गेली. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर सरकारनंच वेगवेगळ्या वेळी नष्ट केलेल्या. दुसरी आग १९४० च्या सप्टेंबरची, लंडनवर जर्मन बॉम्बहल्ले चालू असताना वॉर ऑफिसचं गोदाम जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सर्व्हिस फाइलींपैकी साधारण ६० टक्के संपल्या.

आणि इथंच पुण्याचा मुद्दा येतो, ज्यासाठी मी हे एवढं लिहितोय. हिंदुस्थानातल्या छावणीतल्या चर्चमध्ये जो बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन झालं त्याची कॉपी प्रेसिडेन्सीच्या मुख्य ठिकाणी आणि तिथून लंडनला जायची. ह्या कॉप्या या दोन्ही आगींतून वाचल्या, आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन सिरीजमध्ये आहेत, बंगालची एन १, मद्रासची एन २ आणि आपली मुंबई प्रेसिडेन्सीची एन ३. पूना, किर्की, अहमदनगर, देवळाली हे सगळं एन ३ मध्ये. त्यामुळे आयर्लंडमध्ये ज्या माणसाचा जन्माचा कागद राहिला नाही, लंडनमध्ये ज्याची फाइल जळाली, त्याचं लग्न पुण्यात झालं असेल तर त्याचं वय, हुद्दा, रेजिमेंट, बायकोचं नाव आणि बऱ्याच नोंदींत दोघांच्या वडिलांची नावं मिळतात. वडिलांचं नाव मिळालं की आयर्लंडचा दरवाजा उघडला म्हणून समजा. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याचा पुण्याशी संबंध आहे त्यानं लंडनच्या मिलिटरी फाइलींमागे लागायच्या आधी चर्चच्या नोंदी बघाव्यात.

बघायच्या कशा, तर आधी फॅमिलीसर्च, फुकट अकाउंट काढा, तिथं ब्रिटिश इंडियातल्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींचे इंडेक्स आहेत. मग फिबिस, म्हणजे फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, त्यांचा डेटाबेसही फुकट शोधता येतो, व्हॉलंटियर लोकांनी वर्षानुवर्षं बसून टाइप केलाय, त्यांचे उपकार आहेत. मूळ पानाचा फोटो बघायचा तर फाइंडमायपास्ट, ते पैसे घेतं. पैसे भरायचेच असले तर आधी फुकटच्या ठिकाणी सगळं शोधून यादी तयार करा आणि मग एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन एकदम सगळी पानं उतरवून घ्या, वर्षाचं घ्यायची गरज पडत नाही. शोधताना गावाचं स्पेलिंग जुनं टाका, पुणे नाही तर पूना, खडकी नाही तर किर्की. आणि पुरंदरही टाकून बघा, तिथं गोऱ्या सैनिकांचं सॅनिटोरियम होतं, आजारी माणूस पुण्याच्या पलटणीतला आणि नोंद मात्र पुरंदरची असं होऊ शकतं.

एक गोष्ट बायकांबद्दल. नवरा मेला की त्या बाईचं रेशन आणि बराकीतली जागा फार दिवस राहायची नाही, म्हणून काही महिन्यांतच तिनं त्याच पलटणीतल्या दुसऱ्या सैनिकाशी लग्न केलेलं दिसतं. ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मुलं घेऊन परक्या देशात ती दुसरं काय करणार होती. पण शोधणाऱ्यासाठी अर्थ असा की मुलांचं आडनाव मध्येच बदलू शकतं, तेव्हा खापरपणजोबांचं आडनाव जुळत नसेल तर पणजीचं दुसरं लग्न शोधा.

आता काळानुसार कुठं बघायचं ते. १८६० च्या आधीचा माणूस असेल तर तो राणीच्या म्हणजे ब्रिटिश सरकारच्या फौजेतला की कंपनीच्या फौजेतला हे पहिलं ठरवा, कारण दोघांचे कागद वेगळ्या ठिकाणी आहेत. ईस्ट इंडिया कंपनीनं आयर्लंडमध्ये जोरात भरती केली होती आणि मुंबईच्या कंपनी फौजेच्या युरोपियन लोकांचे कागद इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एल-मिल १२ या सिरीजमध्ये आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेसमोर जी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट उभी होती ती कंपनीचीच, पुढे ती राणीच्या फौजेत जाऊन १०३ नंबरची झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. त्यामुळे डब्लिनच्या रेजिमेंटच्या मानाच्या लढायांत किर्की हे नाव आहे. म्हणजे आपल्या खडकीचं नाव डब्लिनची पोरं १९२२ पर्यंत मिरवत होती, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

राणीच्या फौजेतला असेल आणि १९१४ च्या आधीचा, तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजची डब्ल्यूओ (म्हणजे वॉर ऑफिस) ९७ सिरीज, १७६० ते १९१३, ह्यात सैनिक कुठल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला भाग) जन्मला, भरतीच्या वेळी काय काम करायचा, उंची, डोळ्यांचा रंग, कुठं कुठं होता सगळं असतं. ह्याचे फोटो फाइंडमायपास्टवर आहेत. पण इथं बरेच जण फसतात, १८८३ च्या आधीच्या काळात ह्यात फक्त पेन्शनवर सुटलेले लोक आहेत, आणि नोकरीत असतानाच जो मेला तो ह्यात नाहीच. म्हणजे ज्याची कबर पुण्यात आहे त्याला डब्ल्यूओ ९७ मध्ये शोधण्यात वेळ घालवू नका, त्याच्यासाठी चर्चची दफन नोंद आणि मस्टर रोल, म्हणजे पगाराची हजेरी पुस्तकं, डब्ल्यूओ १२ आणि १६. ती बहुतेक ऑनलाइन नाहीत, लंडनच्या क्यू भागातल्या त्या आर्काइव्हजमध्ये जाऊनच बघावी लागतात, तिथं कोणी नातेवाईक असेल तर त्याला रेजिमेंट आणि वर्ष नेमकं सांगून पाठवा. जुन्या काळातले काही आयरिश पेन्शनर डब्लिनच्या किलमेनहॅम हॉस्पिटलच्या यादीत आहेत, डब्ल्यूओ ११९, तेही विसरू नका.

पहिलं महायुद्ध असेल तर क्रम असा ठेवा. आधी मेडल इंडेक्स कार्ड, डब्ल्यूओ ३७२, हे त्या आगीतून वाचलं आणि परदेशात गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं आहे, त्यात नंबर, रेजिमेंट आणि बऱ्याचदा कुठल्या तारखेला कुठल्या आघाडीवर गेला ते असतं, फक्त घरचा पत्ता सहसा नसतो. मग डब्ल्यूओ ३६३ म्हणजे जळक्या फाइली आणि डब्ल्यूओ ३६४ म्हणजे पेन्शनच्या फाइली, मिळाली तर नशीब. अधिकारी असेल तर डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४. माणूस युद्धात मेला असेल तर सोल्जर्स इफेक्ट्सची रजिस्टरं बघा, मेलेल्या सैनिकाचे राहिलेले पैसे कोणाला दिले ते त्यात लिहिलंय, आई, बायको, बहीण, नाव आणि रक्कम, बाकी सगळं जळालं तरी ह्यातून घरचं माणूस सापडतं. आणि आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजनं युद्धात गेलेल्या साधारण ९,००० आयरिश सैनिकांची मृत्युपत्रं फुकट ऑनलाइन ठेवलीत, ती जरूर उघडा. पेबुकातल्या (सैनिकाजवळची पगाराची वही) कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली एखादी ओळ असते, माझं सगळं माझ्या आईला द्या, एवढीच.

आयर्लंड्स मेमोरियल रेकॉर्ड्स हे पहिल्या महायुद्धात मेलेल्या आयरिश सैनिकांच्या नावांचं १९२३ चं आठ खंडांचं काम पण ऑनलाइन आहे, ४९,००० च्या वर नावं आहेत, पण जपून वापरा, आयरिश रेजिमेंटमध्ये मेलेले इंग्लिश लोकही त्यात घेतलेत आणि काही खरे आयरिश त्यातून राहून गेलेत. उलटंही लक्षात ठेवा, आयरिश माणूस आयरिश रेजिमेंटमध्येच असेल असं नाही, खडकीला तोफखान्याची मोठी छावणी होती आणि तोफखान्यात, इंजिनियर्समध्ये, इंग्लिश पलटणींत आयरिश भरपूर होते.

खडकीच्या वॉर सिमेट्रीत जायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव बघून घ्या. होळकर पुलाजवळ मुळा रोडवर ही जागा आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० च्या वर कबरी आहेत, आणि त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे ज्यावर १,८०० च्या वर नावं आहेत. ही स्मारकावरची माणसं बहुतेक इथं पुरलेली नाहीत, हिंदुस्थान आणि आजच्या पाकिस्तानातल्या ज्या जुन्या सिमेट्रींची देखभाल शक्य राहिली नाही तिथली ती नावं आहेत. त्यामुळे साइटवर किर्की १९१४-१९१८ मेमोरियल असं आलं तर दगडांच्या रांगांमध्ये शोधत फिरू नका, फलकाचा नंबर दिलेला असतो तिथं जा. साइटवर प्रत्येक नावाखाली जादा माहिती म्हणून एक ओळ असते, आईवडिलांची नावं आणि गाव बऱ्याचदा तिथंच मिळतं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या आयरिश लोकांसाठी, जे देश तटस्थ असतानाही स्वतःहून ब्रिटिश फौजेत गेले, सगळ्यात आधी हीच ओळ वाचा. कमिशन फक्त ठरावीक काळातले मृत्यू धरतं, पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७. १९०५ मध्ये कॉलऱ्यानं गेलेला माणूस तिथं मिळणार नाही, त्याच्यासाठी छावणीची जुनी दफनभूमी, सेंट सेपल्कर वगैरे.

जुन्या दफनभूमीत गेलात तर दगडावर खडू फिरवू नका, तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नकोच नको. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना अक्षरं आपोआप उठून दिसतात. पावसाळ्यात शेवाळ असतं, दिवाळीनंतर जा. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक अक्षरांचा, एक आजूबाजूच्या कबरींसकट, म्हणजे पुन्हा जागा सापडते.

चर्चमध्ये जाताना आधी फोन किंवा चिठ्ठी. आयरिश सैनिक बहुतेक कॅथलिक, त्यामुळे कॅम्पाजवळचं सेंट पॅट्रिक्स आधी, ते उभं राहिलंच आयरिश सैनिकांसाठी, आणि खडकीचा असेल तर सेंट इग्नेशियस. प्रोटेस्टंट आयरिशही होते, त्यांच्यासाठी सेंट मेरीज किंवा खडकीचं ऑल सेंट्स. रविवारी मिसाच्या गर्दीत फादरना गाठून जुनी रजिस्टरं मागू नका, आठवड्यातल्या दिवशी जा, कागदावर नाव, अंदाजे दोन-तीन वर्षांचा काळ आणि रेजिमेंट लिहून द्या, "सगळं बघू द्या" म्हणू नका, ती पानं हात लावला की तुटतात. नोंद मिळाली आणि फोटोची परवानगी नसेल तर हातानं उतरवून घ्या, साक्षीदारांची नावंसुद्धा, कारण लग्नाचा साक्षीदार पुष्कळदा त्याच गावचा मित्र निघतो. लंडनला गेलेल्या कॉप्यांत कॅथलिक नोंदी सगळ्या पोचलेल्या नाहीत, म्हणून इथलं मूळ रजिस्टर बघणं कॅथलिकांच्या बाबतीत जास्तच गरजेचं.

१९२२ चं वर्ष मनात पक्कं ठेवा. आयर्लंडचा बहुतेक भाग ब्रिटनपासून वेगळा होऊन फ्री स्टेट झाल्यावर रॉयल आयरिश रेजिमेंट, कॉनॉट रेंजर्स, लेन्स्टर, मन्स्टर फ्युजिलिअर्स आणि डब्लिन फ्युजिलिअर्स ह्या पाचही पायदळ रेजिमेंट बंद झाल्या. तेव्हा कोणी सांगितलं की आजोबा दुसऱ्या महायुद्धात कॉनॉट रेंजर्समध्ये होते तर एक पिढी मागे जाऊन शोधा. आणि कॉनॉट रेंजर्समधलाच १९२० चा माणूस असेल तर जालंधर आणि सोलनचं बंड आठवा, आयर्लंडमधल्या ब्रिटिश अत्याचारांची बातमी ऐकून त्यांनी शस्त्रं खाली ठेवली, जेम्स डॅलीला २ नोव्हेंबर १९२० ला डगशाईला गोळ्या घातल्या, आणि १९३६ मध्ये आयरिश सरकारनं कायदा करून त्या बंडवाल्यांना पेन्शन दिलं. त्या पेन्शनच्या फाइलींसाठी डब्लिनच्या मिलिटरी आर्काइव्हजकडे विचारून बघा. ब्रिटिश फौजेतून सुटून बरेच जण नव्या आयरिश नॅशनल आर्मीत गेले, त्यांच्यासाठी नोव्हेंबर १९२२ ची आर्मी सेन्सस तिथंच फुकट आहे, नाव, वय, घरचा पत्ता आणि जवळचा नातेवाईक सगळं.

शेवटचा टप्पा आयर्लंडचा, आणि तो सोपा आहे कारण जवळजवळ सगळं फुकट. १९०१ आणि १९११ च्या जनगणना आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर, घरातल्या माणसांच्या नावांसकट मूळ फॉर्मचा फोटो. जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी आयरिश जीनियॉलॉजी या सरकारी साइटवर, कॅथलिक लोकांच्या जन्माच्या १८६४ पासून. त्याच्या आधीचं कॅथलिक पॅरिशचं रजिस्टर हवं तर नॅशनल लायब्ररीनं साधारण १८८० पर्यंतची पानं स्कॅन करून ठेवलीत, ती कधी फोर कोर्ट्समध्ये ठेवलेलीच नव्हती म्हणून वाचली. १८५० च्या आसपास कुटुंब कुठल्या वाडीत होतं हे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे जमीन-घरांच्या कर आकारणीच्या यादीत. पण ह्या सगळ्याला काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) तरी माहीत पाहिजे, नुसतं "आयर्लंड" घेऊन गेलात तर परत त्याच पॅट्रिक केलींच्या गर्दीत.

काउंटी आणि पॅरिश हाती आली की तिथल्या काउंटी लायब्ररीच्या लोकल स्टडीज विभागाला ईमेल करा. लांबलचक घराण्याची कथा लिहू नका, पहिल्या दोन ओळींत नाव, नंबर, रेजिमेंट, पॅरिश, वडिलांचं नाव आणि पुण्यातली नोंद कुठली आणि कुठल्या वर्षाची ते द्या, रजिस्टरच्या पानाचा किंवा दगडाचा फोटो जोडा, आणि एकच नेमका प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, महिनाभरानं पुन्हा एक नम्र मेल टाका, आणि तोपर्यंत जे शोधून मिळालं नाही तेही वहीत तारखेसकट लिहून ठेवा, म्हणजे तीच साइट परत चाळावी लागणार नाही.